पडवीतला पाट
लढाईच्या सालात मुरबाडच्या डॉक्टरांनी लडकूला मधुमेह सांगितला आणि त्याचा भात नि गूळ बंद केला. त्याच दिवशी धोंडीबाईने नवऱ्याचा पाट पंगतीतून उचलून पडवीत मांडला. वाफाळता भात समोर दिसून त्याचा जीव तळमळू नये, एवढंच तिच्या मनात होतं. नातवंडं आत भात जेवत, आणि लडकू बाहेर भिंतीकडे तोंड करून नाचणीची भाकरी खाई. त्याचं बोलणं कमी होत गेलं. बैल पारखायला म्हशाच्या जत्रेत गाव ज्याला पुढे घाली, तो त्या वर्षी जत्रेला गेलाच नाही. “जिलबी बघाया नको म्हणून नाय गेले. पथ्याला पक्के आमचे,” धोंडीबाई शेजारणींना कौतुकाने सांगे. भाकरी ताटात अर्धी उरू लागली, तेही तिला पथ्यच वाटलं. मग एक दिवस डॉक्टरांनी त्याला पुन्हा तपासलं. “साखर उतरली, पण माणूस मनाने खचलाय, बाई. झोपतो का? बोलतो का कुणाशी?” दुसऱ्या दिवशी धोंडीबाईने तो पाट आत आणून नातवंडांच्या मधोमध मांडला, सगळ्यांच्या ताटात भाकरीच वाढली आणि पडवीत जाऊन म्हणाली, “चला, आत बसा पोरांबरोबर.” लडकू सारवलेल्या जमिनीवर तसाच भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. “इथंच दे गो,” तो म्हणाला. “भुकेल्याची नजर पोरांच्या ताटाला लागू नये, म्हणूनच बाहेर बसवलंस ना मला? मी एकदाही मागं वळून बघितलं नाय.”