न थांबणारा टायमर

"सापडली का चूक?" क्लिफर्डने दारातूनच विचारलं.

"अजून नाही, सर." रोवेना खुर्ची मागे सारून उठली.

आठवा दिवस होता. गोखिवऱ्याच्या त्या गाळ्यात ती खिडकीपाशी जायची, परत यायची, कोडची फाइल उघडायची, मिटायची. जेवणाचा डबा तसाच घरी जात होता. त्यांची छोटी कंपनी नेटवर्कच्या पेट्या बनवायची. पेटीतल्या, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सगळ्या वायरी एका जाळ्यात जोडणारा ब्रिज होता आणि त्याचा टायमर दर दोन सेकंदांनी वाजायचा. ब्रिज बंद झाला की टायमरनेही गप्प बसायला हवं. कधीकधी तो बसत नव्हता. मग अख्खी पेटी गोठायची.

अशी एक पेटी नालासोपाऱ्यातल्या डायलिसिस सेंटरमध्ये होती. सगळ्या मशीनचे आकडे तिच्यातूनच सिस्टरांच्या स्क्रीनवर जायचे.

"राहू दे," क्लिफर्ड म्हणाला. "रोज पहाटे पेटी आपोआप बंद-चालू करू. भागेल तेवढ्यावर."

रोवेनाने होकारार्थी मान हलवली. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

इतक्यात फोन वाजला. सेंटरच्या सिस्टर आल्बिना होत्या. मागे मशीनची टूंटूं ऐकू येत होती.

"मॅडम, स्क्रीन परत गेली! सहा पेशंट मशीनवर आहेत. एका आजींचं बीपी पडलं, ते इथे दिसलंच नाही. मी सहज तिकडे गेले म्हणून वाचल्या. आता एकेका बेडपाशी धावतेय मी."

रोवेनाने फोन ठेवला. यावेळी ती खिडकीकडे गेली नाही. फाइल उघडून सरळ एका ओळीवर आली. टायमरला नुसतं थांब म्हणून भागत नव्हतं. त्याचं हातातलं काम संपेपर्यंत थांबायचं, त्याला पुन्हा सुरू होऊ द्यायचं नाही, मगच त्याची मेमरीतली जागा मोकळी करायची. तिने ओळ बदलली. टेबलावरच्या पेटीत हजार वेळा ब्रिज उघडला, बंद केला. पेटी गोठली नाही.

क्लिफर्डने घड्याळ पाहिलं.

"कमाल आहे! आठ दिवस सापडेना, आणि आज अर्ध्या तासात?"

रोवेना दुरुस्तीची नोंद लिहीत होती. चूक कुणाच्या बदलामुळे आली, ते त्यात लिहावं लागतं. तिची बोटं तिथेच अडली होती.

"पहिल्याच दिवशी सापडली होती, सर," ती म्हणाली. "ही ओळ मीच लिहिलेली आहे, इथे येण्याआधी. हीच दाखवून मी तुमच्याकडे नोकरी मिळवली."