शेवटची स्लाइड आधी

पीएचडीच्या त्या मुलीने पडद्यावर पहिल्यांदा शेवटचीच स्लाइड लावली, आणि मागच्या रांगेत बसलेल्या तिच्या गाइडबाईंनी कपाळाला हात लावला.

आत्ताच जिन्यात बाईंनी तिला बजावलं होतं, "अगं, निष्कर्ष शेवटी ठेव. तिथपर्यंत इथे कोणी पोचत नाही." खोटं नव्हतं ते. बिझनेस स्कूलच्या माहिती प्रणाली विभागाच्या सेमिनारमध्ये तिसऱ्या स्लाइडला प्रश्न सुरू होत आणि चहा येईपर्यंत बोलणारा तिथेच घाम पुसत उभा राही. विभागाच्या थोरल्या सरांना तर विद्यार्थी टोलनाकाच म्हणत. गेल्या वर्षी तीही तिथेच अडली होती. आज पुन्हा अडली, तर विषय गुंडाळावा लागणार होता. आणि तिचा निष्कर्ष नेमका थोरल्या सरांच्या जन्मभराच्या शिकवणीला छेद देणारा.

"विक्रीचे मिनिटामिनिटाचे आकडे पडद्यावर बघणारे दुकानांचे मॅनेजर," तिने वाचलं, "आठवड्यातून एकदा आकडे बघणाऱ्यांपेक्षा वाईट निर्णय घेतात."

खुर्च्या करकरल्या. तोफा धडधडायला वेळ लागला नाही.

"ज्यांना मुळातच जमत नाही, तेच पडद्याला चिकटून बसत असतील," संख्याशास्त्राचे सर म्हणाले.

ती एक स्लाइड मागे गेली. कोणत्या दुकानाला आकड्यांचा पडदा द्यायचा, ते मॅनेजरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. सरांनी मान डोलावली.

"वाईट निर्णय म्हणजे काय? मोजलंस काय तू?" मार्केटिंगच्या मॅडमनी विचारलं.

आणखी एक मागे. न खपल्यामुळे फेकून द्यावा लागलेला माल. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

इथे तिची भीड चेपली. जो तो तिला अडवायला म्हणून तोंड उघडत होता आणि नेमकी तिच्या हातातली स्लाइड मागत होता. असेच विचारत राहा, ती मनात म्हणाली. बाईंचा हात कपाळावरून केव्हाच खाली आला होता. तिला इतका आनंद झाला होता, की आवाज चढू नये म्हणून ती घोटभर पाणी प्यायली.

मग थोरल्या सरांनी चष्मा काढला.

"हे सगळं ठीक आहे. पण हा असला उफराटा प्रश्न तुला सुचला कुठून?"

तिने बटण दाबलं. पडद्यावर एकच वाक्य आलं. 'माहिती जितकी ताजी, तितका निर्णय अचूक.' खाली थोरल्या सरांचं नाव आणि त्यांच्या पुस्तकाचा पान क्रमांक.

कोणीतरी हसू दाबलं. सरांनी चष्मा पुन्हा लावला आणि स्वतःचंच वाक्य सावकाश वाचलं.

"हे लिहिलं तेव्हा," ते म्हणाले, "मला तिसऱ्या स्लाइडवर अडवायला कोणी नव्हतं."

आता सगळेच हसले, आणि सर्वांत मोठ्याने तेच. दाराशी चहा येऊन निवत होता, पण उठत कोणी नव्हतं.

"एक राहिली ना अजून?" सरांनी विचारलं.

"हो सर. पहिली."

तिने बटण दाबलं. प्रबंधाचं शीर्षक आलं, आणि त्याखाली ठळक अक्षरात तिचं नाव. प्रोजेक्टर बंद करायला तिने हात पुढे केला.

"असू दे," थोरले सर म्हणाले. "सगळ्यांचा चहा होईपर्यंत राहू दे ते."