समोरचं स्टूल

धार लावून दिलेली साखळीची मशीन-करवत मुलाने तासाभरातच परत आणली. "आई, पुन्हा उजवीकडे ओढतेय. ओंडका सरळ कापलाच जात नाही."

"ओंडकाच वाकडा असेल, तुझ्यासारखा!" म्हातारी करवादली खरी, पण तिला बसवेना. उठली, पाणी प्यायली, कानस घेऊन बसली, पुन्हा उठली. पूर्वी साखळीचे उजवे दात ती घासायची आणि समोर बसून डावे नवरा. तो गेल्यावर दोन्ही बाजू तिने हट्टाने स्वतःकडे घेतल्या, पण डाव्या दातांना तिच्या हाताने तशी धार येईना. त्याच्या स्टुलावर कुणाला टेकू दिलं नाही.

सून दारातून बघत होती.

"तमाशा बघतेस काय?" म्हातारीने दुसरी कानस तिच्यापुढे आपटली. "बस सासऱ्याच्या जागेवर. आणि सांगून ठेवते, त्यांच्यासारखं मधेच उठून जायचं नाही!"