लग्नाआधीच्या फेऱ्या

कुबानने गाडी स्टेडियमच्या फाटकातच आडवी घातली आणि दार न लावता उतरला.

दुकान उघडल्यापासून त्याचं डोकं तापलं होतं. टायर बदलायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक हसत हसत म्हणालं होतं, की तुझी आई रोज सकाळी स्टेडियमवर नवरदेवाबरोबर पळते म्हणे, निळा ट्रॅकसूट घालून. शेजारी उभे असलेलेही हसले. तोकमोक गाव ते केवढं. दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारातल्या कांदेवालीलाही कळणार होती.

त्याची आई अनारकुल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. चोपन्न वर्षांची. पुढच्या महिन्यात ती शार्शेनशी लग्न करणार होती. शार्शेन विधुर, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, पोट सुटलेला माणूस. कुबानने होकार दिला होता, दात आवळून का होईना. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आई एकटी पडली होती, हे त्यालाही दिसत होतं.

पण लग्न ठरल्यापासून आईचं जे चाललं होतं, ते त्याला सहन होत नव्हतं. कणकेचे तळलेले बोर्सोक बंद. मेंढीची चरबी घरात आणायची नाही. जेवायला उकडलेलं बीट नाहीतर कोबी. परवा तर पाहुण्यांसमोर तिने मांसाचं ताट तसंच पुढे सरकवलं. तिचे कपडे अंगावर ढगळ दिसायला लागले होते. कुबानची बायको झिबेक सहज बोलून गेली, म्हातारबुवांना सडपातळ नवरी हवी असेल. ते वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं. कुणीतरी आपल्या आईला बाजारातल्या मेंढीसारखं पारखतंय, असं त्याला वाटायला लागलं.

त्याचा बाप असा नव्हता. अब्दिल म्हणजे खाणारा आणि खिलवणारा माणूस. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचा नाही. बायको जाड झाली की बारीक, हे त्याने कधी पाहिलंसुद्धा नाही. एका रात्री भरपेट जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. पन्नाशीही व्हायची होती. गावात अजून त्याच्या खाण्याच्या गोष्टी रंगतात आणि त्या ऐकताना कुबानची छाती फुगते.

मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, पॉपलरच्या झाडांखाली, शार्शेन पाय पसरून जमिनीवर बसला होता. आई शेजारी उभी होती. कुबान मैदान कापत सरळ गेला आणि त्याने शार्शेनची कॉलर धरली.

"माझ्या आईला पळवतोस काय रे?" आजवर तो त्याला तुम्हीच म्हणत आला होता. "बारीक बायको पाहिजे तुला? मग दुसरी बघायची होती."

शार्शेनचा चेहरा आधीच लालबुंद झाला होता. त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"मी पळवतोय?" तो धापा टाकत म्हणाला. "अरे बाबा, तूच सांग की तुझ्या आईला काहीतरी."

मग श्वास घेत घेत त्याने सगळं गाऱ्हाणं सांगितलं. उजाडायच्या आत ही दार ठोठावते. पहिल्या आठवड्यात नुसतं चालवलं, आता पळायला लावते, वर उठाबशा काढायला लावते. त्याच्या स्वयंपाकघरातला तुपातेलाचा डबा न् डबा तिने शेजाऱ्यांना वाटून टाकला. खिशात मांस भरलेला एक सामसा सापडला, तर तोही कुत्र्यांना घातला. आधी लग्न होऊ दे, मग बघू, असं तो म्हणाला होता. त्यावर तिने स्पष्ट सांगितलं, की हे जमणार नसेल तर लग्न नाही. आणि आपण एकट्यानेच पाला खायचा का, म्हणून तो रुसला, तेव्हापासून तीही तेच खाते.

कुबानची पकड सुटली. आपण चुकीच्या माणसाची कॉलर धरली, हे त्याला कळलं. पण राग गेला नाही. त्याने नुसती दिशा बदलली.

तो आईकडे वळला आणि तोंडाला येईल ते बोलला. गाव हसतंय, त्याची लाज नाही. नातवंडं शाळेत जायला लागली आणि हिला नवरदेव तरणाबांड करायची हौस. फोटो छान यावेत म्हणून हा सगळा तमाशा. हे आजच्या आज थांबलं नाही, तर तिची पाठवणी त्याच्या घरातून होणार नाही. तिने आपली सोय बघावी.

शार्शेन मधे पडायला गेला. अनारकुलने त्याला हातानेच गप्प केलं.

"बाबांसाठी मारलीस कधी अशी एक तरी फेरी?" कुबानचा आवाज चिरकला. "त्यांचं ताट तर तू कधी रिकामं होऊ दिलं नाहीस. नको नको म्हणायचे, तरी वाढायचीस. इतका जीव होता तुझा. आणि आता ह्या परक्या माणसासाठी गावभर पळतेस?"

अनारकुलचा चेहरा पांढरा पडला. मग तिच्या जबड्याची शीर ताठ झाली. आईला इतकी चिडलेली कुबानने कधीच पाहिली नव्हती. ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या बापाला मी जीव लावून खाऊ घालून घालून मातीत घातलं, कुबान," ती म्हणाली. "ह्यांना नाही घालणार."