गुणाजींचं मत

विक्रोळीच्या त्या चाळीत डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, दुपारची जेवणं उरकली की मंडळाच्या खोलीत वर्षभराच्या पिक्चरांचा पंचनामा होतो. चटया पडतात आणि ज्याने त्याने आपापलं मत ठोकायचं. अट एकच, पिक्चर थेटरात जाऊन पाहिलेला हवा. मोबाइलवर बघून अक्कल पाजळणाऱ्याला इथे कुत्रं विचारत नाही.

प्रज्योत दाराजवळ बसला होता. बसला होता म्हणजे काय, सारखा उठत होता. पाणी पी, पंखा कमी कर, दारातल्या चपला सरळ कर. यंदाच्या पिक्चरांत एक त्याचा होता. चांगली नोकरी सोडून त्याने डायरेक्ट केलेला. मुलुंडच्या थेटरात दुपारचा एकच शो मिळाला आणि आठवड्यात उतरला. पहिल्या दिवशी अख्खी चाळ गेली होती, त्याचे बाबासुद्धा. त्यानंतर घरात त्या पिक्चरचं नाव निघालं नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत, आणि बाबांना विचारायची प्रज्योतची हिंमत झाली नाही. रोज ताटाला ताट लावून जेवायचे दोघं, पण बोलणं आमटीत मीठ जास्त पडलंय इतपतच.

नितेशने सुरुवात केली. शेजारचाच, प्रज्योतच्या बरोबरीचा. पोलिसवाल्या पिक्चरची त्याने पार सालटी काढली. भुताच्या पिक्चरवरून बायका आणि पुरुष असे दोन तट पडले. मग हेमांगीवहिनी मध्येच म्हणाली की प्रज्योतच्या पिक्चरची फोटोग्राफी छान होती हं. सगळ्यांनी घाईघाईने माना डोलावल्या. फोटोग्राफी छान! त्यापेक्षा कोणी तोंडावर शिवी घातली असती तरी प्रज्योतला बरं वाटलं असतं.

शेवटी गुणाजींची पाळी आली, म्हणजे प्रज्योतच्या बाबांची. त्यांना मुद्दाम शेवटी ठेवतात. कंपनीत जन्मभर रात्रपाळी केलेला माणूस, दिवसा कुठे अंधार मिळाला की मान कललीच. पिक्चरला जातात हौसेने आणि झोपतात त्याहून हौसेने. त्यामुळे त्यांचं मत म्हणजे झोपेचा रिपोर्ट. पोलिसवाल्यात म्हणे गोळीबाराने सारखी मोडली. भुताच्यात इंटरव्हलपर्यंत झकास लागली. आणि त्या राजेमहाराजांच्या पिक्चरला तर शो सुटल्यावर झाडूवाल्याने खांद्याला धरून उठवलं. खोली हसून हसून लोळत होती.

"आणि प्रज्योतच्या पिक्चरला, काका?" नितेशने विचारलं.

प्रज्योत पुन्हा चपलांपाशी जाऊन उभा राहिला.

"नाय लागली," गुणाजी म्हणाले.

आधी कोणाला काही कळेना. मग नितेशच फुटला. "म्हणजे झोपायच्या पण लायकीचा नाय?" झालं, सगळे सुटलेच. हेमांगीवहिनीनेसुद्धा तोंडाला पदर लावला. प्रज्योतही हसला, अशा वेळी हसावंच लागतं. कान मात्र तापले होते. त्याने एक चप्पल पायात सरकवली. पुढल्या वर्षी इथे यायचंच नाही, आणि पिक्चरबिक्चर पण बास.

गुणाजी हसत नव्हते. सगळ्यांचं हसून होईपर्यंत ते खाली मान घालून चटईची काडी खुडत बसले.

"माका पण पटला नाय," मग ते आपल्या मालवणीत म्हणाले. "म्हटलंय, झिलाच्या, प्रज्योतच्या काळजीन झाला असात. म्हणान दुसऱ्या दिवशी परत गेलंय, एकटोच. पोटभर जेवन गेलंय. एसीच्या खालची खुर्ची मागून घेतलंय."

त्यांनी खुडलेली काडी बाजूला ठेवली.

"तरीपण नाय लागली."

प्रज्योतने पायातली चप्पल काढली आणि आत येऊन बाबांच्या चटईवर बसला.