एकही अर्ज नाही

“एकही नाही?” तिनं पुन्हा विचारलं.

“एकही नाही,” साहेब म्हणाले. “जाहिरात देऊन पंधरवडा झाला. तुझ्या जागेवर यायला कोणी तयारच दिसत नाही.”

साहेबांच्या आवाजात वाईट वाटल्याची जराही खूण नव्हती, ते तिला झोंबलं. वजनकाटे बनवणाऱ्या त्या कंपनीत काट्यांच्या आतलं सॉफ्टवेअर ती एकटी सांभाळायची. ती गेली तर साहेबांचे हाल होणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

“सर, मला एक तारखेला तिकडे रुजू व्हायचंय.”

“मी कुठे अडवतोय? माणूस आला, तू त्याला काम समजावलंस, की त्याच दिवशी रिलीव्हिंग लेटर तुझ्या हातात. करारातच आहे तसं.”

होतं करारात. आणि त्या पत्राशिवाय नवी कंपनी तिला दारातही उभी करणार नव्हती.

नवी नोकरी नवऱ्याच्या शहरात होती. त्याची बदली झाली, सासूबाई तिथेच राहायच्या, म्हणून लेकही त्याच्याबरोबर गेली आणि ही नोकरीपायी मागे राहिली. लेक सात वर्षांची, घरात तिला सगळे मुंगी म्हणायचे. हल्ली मुंगी फोनवर “जेवलीस का?” असं विचारायची, पाहुण्यांना विचारावं तसं.

तिकडची नोकरी मिळावी म्हणूनच तिनं वर्षापूर्वी हरकाम्या लिहिला होता. जाहिराती शोधायच्या, फॉर्म भरायचे, त्या त्या जागेप्रमाणे बायोडेटा बेतायचा आणि अर्ज धाडायचा, एवढं सगळं तो प्रोग्रॅम परस्पर करायचा. पहिल्याच आठवड्यात पठ्ठ्या तिचा अर्ज तिच्याच साहेबांना धाडायला निघाला. ऐनवेळी तिच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. घाईघाईनं आपली कंपनी वगळणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घालून तिनं ती वाट बंद केली आणि कपाळावरचा घाम पुसला.

पुढे तो बरा चालतोय म्हटल्यावर तिनं त्याला ओपन सोर्स करून टाकलं. कोणीही फुकट घ्यावा, आतला कोड वाचावा, सुधारावा. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ती मात्र टोपणनावाआड राहिली. ऑफिसात कोणाला पत्ताही नव्हता.

“अगं, माझा भाचा जाहिरात म्हणून वाचत नाही आता,” चहाच्या वेळी अकाउंट्सच्या बाई सांगत होत्या. “लोळत पडतो, तो हरकाम्या की कोण, तोच अर्ज टाकतो. सगळी पोरं तसंच करतात म्हणे. अर्जांचा नुसता पाऊस पडतोय सगळीकडे.”

“मग आपल्याकडेच का नाही पडत?”

बाईंनी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पडत असेल गं. उघडून दाखवतंय कोण?”

हे तिच्या मनात आलंच नव्हतं. आता आलं, आणि जाईना. तिला साहेबांचा इतका राग आला की चहा कडू लागला.

तरीही एक बाजू आपल्या हातात आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. हरकाम्याला मोठ्या कंपन्यांचा फार सोस होता, लहान कारखान्यांच्या जाहिराती त्याच्या नजरेतून निसटायच्या. तिनं त्या संध्याकाळी बसून तेवढं दुरुस्त केलं. बेकरी, छापखाना, लेथचं दुकान, सगळ्यांच्या जाहिरातींवर चालवून पाहिलं. एकही सुटली नाही. लोकांच्या तक्रारींचा ढीग साचला होता, पण तो उपसायला सवड कोणाला होती? तिनं नवा हरकाम्या सगळ्यांसाठी खुला केला आणि वाट पाहत राहिली.

दोन दिवस गेले, चार गेले. महिना संपत आला. शेवटी ती न विचारताच केबिनमध्ये शिरली.

“सर, मला अर्जांचा मेलबॉक्स बघायचाय. आत्ता.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. मेलबॉक्स रिकामा होता. तिनं डिलीट केलेलंही तपासलं. तिथेही काही नव्हतं.

“झालं समाधान?” साहेब म्हणाले. “तुला सोडणं माझ्या जिवावर आलंय, खोटं कशाला बोलू. पण अर्ज दडवण्याइतका मी हलकट नाही. बाहेर फाटकावर पाटीसुद्धा लावलीय कालपासून.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “सॉरी सर,” म्हणून ती बाहेर आली.

एक तारीख उजाडली. दुपारी नव्या कंपनीचा निरोप आला. आणखी थांबणं शक्य नाही, जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. तिनं साहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शिपायाला पाटी काढायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर तिनं धीर करून फोन लावला. नवरा नुसता “बरं” म्हणाला आणि मुंगीला सांगायला गेला. मग मुंगी फोनवर आली.

“बाबा म्हणाले तू नाही येत आता.”

“नाही गं राणी.”

“असू दे,” मुंगी समजुतीनं म्हणाली. “मला सवय झालीय.”

फोन ठेवून ती हमसून हमसून रडली. मग हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिनं हरकाम्याच्या तक्रारी उघडल्या. सगळ्यात वर सकाळचीच एक होती, कोणा नवख्याची.

“आमच्या गल्लीतल्या वजनकाट्यांच्या कंपनीत माझ्याच कामाची जागा निघाली होती. परवा फाटकावर पाटी दिसली तेव्हा कळलं. आज विचारायला गेलो, तर आता जागा नाही म्हणाले. महिनाभर हरकाम्या चालू आहे, पण नेमकी हीच कंपनी त्यानं मला एकदाही दाखवली नाही. असं का?”

त्याखाली अडतीस जणांनी लिहिलं होतं, “मलाही नाही.”