मागच्यांना ऐकू जाईल

माइक बंद पडला तसे घारपुरे स्मशानातल्या निवाऱ्याच्या शेवटच्या रांगेतून उठले. इथे कुणाला पोचवायला आलं, की भाषणं सुरू व्हायच्या आतच ते काढता पाय घेत. आर्किटेक्ट म्हणून जन्मभर गावाच्या नाट्यगृहाचे नकाशे काढले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. आणि नगरपालिकेनं बांधून घेतला तो काय, हा निवारा! चिडून त्यांनी नाट्यगृहाचंच कमानदार छत याच्यावर चढवलं होतं. नंतर कधी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

"थांबा की, मास्तरांची लेक बोलतेय," शेजारच्यानं हात धरला.

"माइकशिवाय इथवर काय डोंबल ऐकू येणार?"

"अण्णा सारखे रागवायचे," ती पुढे उभी राहून पुटपुटली, "मोठ्यानं बोल गं, मागच्यांना ऐकू जायला हवं."

शेजारच्यानं डोळे पुसले. घारपुरे थबकले. शब्द न् शब्द, मधला हुंदकासुद्धा, कानाशी बोलल्यासारखा आला होता.

त्यांनी वर छताकडे पाहिलं. नकळत दोन्ही हात टाळीसाठी उचलले गेले.

समोर मास्तरांची चिता पेटली होती. त्यांनी ते हात तसेच जोडले.